सुरत केवढी मोठी

आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ थापण्याचे आवाज यायचे. चुलीपाशी माय भाकरी थापायची आणि माझा बाप, ज्याला आम्ही आबा म्हणायचो, हाताशी येईल त्याला थापायचा. ओसरीवर बसूनसुद्धा आम्हा बहिणींना आत काय चाललंय ते कळायचं. भाकरीचा आवाज एका चालीत येतो. माराचा कधीच चालीत येत नाही. मध्येच थांबतो, संपलं असं वाटतं, आणि मग पुन्हा येतो. डाळीत मीठ कमी पडलं, बैल बसला, कापूस भिजला, काहीही पुरायचं, आणि काही नसलं तरी अडायचं नाही. हे लिहिताना बापाला अहोजाहो करावं असं माझा मुलगा सुचवतो. मी करणार नाही. इतकी वर्षं केलं तेवढं पुष्कळ झालं.

खाण तशी माती. थोरला भाऊ नाना मिसरूड फुटायच्या आधीच हात उगारायला शिकला होता. आबा बैल हाकायच्या पराणीनं मारायचा, नाना लाथेनं. कोरीटच्या अंगाला, तापीकाठी आमचं शे-दीडशे उंबऱ्यांचं गाव. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की शेजारच्या घरात कुणी खाकरलं तर इकडे कळावं. म्हणजे माय रडायची ते साऱ्या गावाला ऐकू जायचं. पण पंधरा वर्षांत एकसुद्धा माणूस आमचा उंबरा ओलांडून आत आला नाही. "घरनं घरमा शे, आपले काय?" असं म्हणून लोक बिडी पेटवायचे. आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका मायच्या पाठीवरचे वळ बघून विचारायच्या, आज कोणती भाजी केली व.

मार पडला तरी माय स्वयंपाकाला चुकली नाही, हे मला आजही कळत नाही. कळण्याची भाकरी तिच्यासारखी कुणाची होत नसे. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि चिमूटभर मीठ घालून दळलेलं ते पीठ, म्हणजे आमचा कळणा. भाकरी होते करड्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची, आणि वर लसणाचा ठेचा आणि कच्चं तेल. आबा पाच-पाच भाकरी खायचा. आम्ही दोघी बहिणी उरलेली एक मोडून खायचो, मोठा तुकडा आक्का मला द्यायची. आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिनं मला मारलेलं मला एकदाही आठवत नाही, आणि आमच्या घरात ही काही लहान गोष्ट नव्हती.

आक्काला तापीपलीकडे दिली. दाजी, म्हणजे तिचा नवरा, आबा परवडला असं म्हणायची पाळी आणील असा निघाला. आबा रागावून मारायचा. दाजी शांतपणे, दार लावून, कामाला बसल्यासारखा मारायचा. पहिल्यांदा ती पळून आली तेव्हा आबानं गाडी जुंपली आणि त्याच दिवशी तिला परत नेऊन घातलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा उजवा हात कोपरापासून लोंबत होता. आबा म्हणाला, "हात मोडना, संसार तं मोडना नही ना. चाल." आणि ती उठत नाही म्हणून नानानं तिला त्याच मोडक्या हाताला धरून उठवलं. तो आवाज मी इथं लिहून दाखवू शकत नाही. मी दाराआड उभी होते. मी काही केलं नाही.

तिसऱ्यांदा ती घरी आलीच नाही. सासूबरोबर प्रकाशाला तापीच्या स्नानाला गेली होती. सासू देवळातून येईपर्यंत घाटावर तिचं लुगडं घडी घालून ठेवलेलं, आणि ती नाही. कोळ्यांनी दोन दिवस पाणी ढवळलं. काही लागलं नाही. माय ऊर बडवून रडली, तर रडते म्हणून तिनं मार खाल्ला. तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात पलीकडची सात माणसं दोन गाड्या भरून आली, आमच्या ओट्यावर बसली, चहा प्याली. दाजीचा बाप म्हणाला, "मोठीले तापी लई गयी. आते धाकली द्या." मेलेलीच्या जागी तिची धाकटी बहीण द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आबानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हो म्हणून टाकलं. मला नुकतंच पंधरावं लागलं होतं. सासूनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा दाजी समोर बसून माझ्या हाताकडे बघत होता.

आणि मग बातमी आली की आक्का जिवंत आहे. कापसाच्या गाठी घेऊन सुरतेला जाणाऱ्या एका मुकादमानं तिला सुरतेच्या स्टेशनाबाहेर पाहिलं, डोक्यावर गाठोडं, अंगानं बरी, धडधाकट. मला आधी हसू आलं. घाटावर लुगडं ठेवून माझी बहीण नंदुरबारला चालत गेली आणि गाडीत बसली. केवढी अक्कल, केवढी छाती. पण चार दिवसांत पलीकडचे लोक पुन्हा आले, या वेळी काठ्या घेऊन. "तुम्हीच तिले दपाडी ठेवं," म्हणजे तुम्हीच लपवून ठेवलंय, असं दाजीचा बाप ओरडला. "पंधरा दिनमा तिले लई या. नही तं धाकलीनं लगीन लाई द्या." जाताना त्यांनी आबाच्या देखत आमच्या चांगल्या बैलाची शेपटी कोयत्यानं उडवली. बैल सगळ्या अंगणात रक्त शिंपडत फिरला. आबासारखा माणूस, पण त्या दिवशी बैलाच्या गळ्यात हात घालून उभा राहिला.

तर हिशोब सरळ होता. आक्का सापडली तर ती त्या घरात जाणार. नाही सापडली तर मी जाणार.

आबा, नाना आणि मी असे तिघं सुरतेला निघालो. मला नेलं ते दोन कारणांनी. सातवीपर्यंत शिकल्यामुळे मला पाट्या वाचता यायच्या, थोडी हिंदी-गुजराती कळायची. आणि बाईची चौकशी नळावर करायची तर तिथं बाईच लागते, पुरुषाला बायका सांगत नाहीत. निघताना मायनं पिठाची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि कानाशी येऊन म्हणाली, "सापडनी तरी तुले दिसनी नही, असंच समज."

मी विचारलं, "मंग मन्हं काय?"

"तुन्हं मी देखसू," ती म्हणाली. काय देखणार होती ती? जिला स्वतःची पाठ वाचवता आली नाही ती माझं काय बघणार होती? इतका राग मला आबाचासुद्धा कधी आला नव्हता. आईला दोन मुली असून तिनं एक निवडली आणि ती मी नव्हते, एवढंच मला तेव्हा कळलं.

शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं की सुरतेत लाखांनी माणसं राहतात. मी तोवर पाहिलेली सगळ्यात मोठी गर्दी म्हणजे प्रकाशाची जत्रा. मला वाटायचं की सुरत म्हणजे अशा शंभर जत्रा एकावर एक रचलेल्या असतील, आणि माणूस आत शिरला की पुन्हा कुणाला दिसणारच नाही. गाडीत मी मनात देवाला म्हणत होते, सापडू दे. आणि लगेच म्हणत होते, इतक्या लाखांत कशी सापडेल. स्टेशनाबाहेर आलो तर एक रस्ता, चार टांगे, एक चहावाला. मी त्याच्याकडे बघून विचार केला की बाकीचे लाख कुठं गेले? पुढं गेलो, तर एक गल्ली. तिच्यापुढं दुसरी गल्ली. माझ्या डोळ्यांपुढं एका वेळी तीस-चाळीसच माणसं असायची, आमच्या विहिरीवर असतात तेवढीच. आबा मात्र टरकला होता. "आठे कोन कोनले वळखस?" म्हणजे इथं कोण कुणाला ओळखतं, असं सारखं म्हणायचा, आणि गावात छाती काढून चालणारा माझा बाप रस्त्याच्या कडेनं, भिंतीला घासून चालायचा. मला ते पाहून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझा नातू मोबाइलवर नकाशा दाखवतो, आजी बघ सुरत कुठून कुठपर्यंत पसरली. पसरू दे बापडी. माणूस काही नकाशात राहत नाही. मी साठ वर्षं या शहरात काढली, आणि नीट पाहिलं तर चार गल्ल्या, एक बाजार आणि दोन दवाखाने एवढ्यातच काढली. आमचं गाव याहून मोठं होतं असं मला कधीकधी वाटतं, कारण तिथं प्रत्येक डोळा तुमच्यावर असायचा आणि चुकवून जायला जागा नसायची.

एका धर्मशाळेच्या अंगणात आम्ही उतरलो. सकाळी मी नळांवर जायची, आबा आणि नाना कोपऱ्यावर उभे राहायचे. मी विचारायची, उजवा हात जरा वाकडा आहे अशी खानदेशची बाई पाहिली का. बायका मान हलवायच्या. परत आले की आबा मला थोबाडीत द्यायचा, नीट विचारलं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी भररस्त्यात दिली. एक फेरीवाला थांबून बघायला लागला, तसा आबानं हात खाली घेतला. बापाचा हात कुणाच्या नुसत्या बघण्यानं खाली येतो, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पण त्यावरून काही शिकायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

तिसऱ्या दिवशी पीठ संपलं. मी ज्वारी विकत घेतली आणि जवळच्या चक्कीवर दळायला गेले. चक्की चालवायची जमनाबेन नावाची विधवा, जाडजूड, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेली. माझ्या आधीची बाई तिच्याशी भांडत होती. ओंजळीत पीठ धरून म्हणत होती, "आमां काळुं काळुं शुं छे?" माझ्या गव्हाच्या पिठात हे काळं काय आलं? जमनाबेन तिला समजावत होती की काल एका खानदेशी बाईचं दळण झालं, ती ज्वारीत काळे उडीद घालून दळते, आणि नंतर जात्यात कोंडा फिरवायचा राहून गेला.

मी त्या ओंजळीत पाहिलं. घर सोडलं, नवरा सोडला, जिवंतपणी मेली, आणि ही बाई कळण्याची भाकरी सोडू शकली नाही. सगळ्या सुरतेत कुणी जे खात नाही ते दळायला चक्कीवर आली. मी विचारलं, ती कुठं असते. जमनाबेन भोळेपणानं म्हणाली, जरीच्या कारखान्यात काम करते, फार गुणाची आहे, काल उडीद कमी पडले म्हणून आज चार वाजता उरलेलं दळण घेऊन येणार आहे.

मी विचार केला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी धर्मशाळेपर्यंत पळत गेले आणि आबाला सांगितलं. चहा निवायला लागतो तेवढा वेळसुद्धा घेतला नाही. डोळ्यांसमोर फक्त दाजीचं माझ्या हातांकडे बघणं होतं. मला ते हात शाबूत हवे होते.

चारला आक्का आली. कडेवर डबा, पदर गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावरून पुढं घेतलेला, आणि बरोबरच्या बाईच्या कशाला तरी तोंड उघडून हसत होती. तिला इतकं मोठ्यानं हसता येतं हे मला माहीतच नव्हतं. आबानं मागून तिचा अंबाडा धरला. डबा पडला, ज्वारी आणि उडीद रस्ताभर झाले. नानानं तिच्या पोटात लाथ घातली, ती वाकली, तशी पाठीत दुसरी घातली. आक्का ओरडली नाही. ओरडलं की जास्त पडतो, हे आम्ही घरी शिकलो होतो. आबा तिला केसांना धरून फरपटत न्यायला लागला आणि रस्त्यावरचे लोक थबकून बघत राहिले. मला वाटलं, झालं, इथंही घरनं घरमा.

पण चक्कीचा पट्टा थांबला. जमनाबेन बाहेर आली ती लोखंडी पहार घेऊनच. तिनं काही विचारलं नाही, कोण तुम्ही, काय भांडण आहे, काही नाही. पहार सरळ आबाच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. नाना तिच्या अंगावर धावला, तोवर समोरच्या नळावरच्या बायका कपडे धुवायची धोपाटणी घेऊन आल्या. दहा असतील, बारा असतील. एकीनं नानाच्या तोंडावर मारलं, दोन दात रक्तात पडले. तो खाली बसला तर त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, गुडघ्यांवर धोपाटणी पडत राहिली. आबाच्या कपाळाची कातडी उघडून भुवईवर लोंबायला लागली, तरी एक म्हातारी त्याला पाठीत मारतच होती, मारताना तिच्याच डोळ्यांत पाणी होतं, कुणाचा राग काढत होती देव जाणे. यातल्या एकीलाही आक्काचं गाव ठाऊक नव्हतं, जात ठाऊक नव्हती, बापाचं नाव ठाऊक नव्हतं. फार तर दोन महिन्यांची ओळख. जिथं आमच्या सात पिढ्या गेल्या, तिथून पंधरा वर्षांत एक माणूस आला नाही. माझ्या बापाला मारलं याचा मला आनंद झाला. मनापासून झाला. आज बहात्तर तीर्थं केली तरी तो आनंद मी पाप म्हणून कबूल करणार नाही.

आक्का उठून बसली. ओठ फाटला होता. तिनं गर्दीत मला पाहिलं. आधी तिचा चेहरा उजळला, मला बघून उजळला, आणि मग तिला सगळं समजलं.

"तू सांगं?"

मी म्हटलं, "मंग मी काय करू? तू नही सापडनी तं माले तठे दी टाकतीन."

रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मंग माले येई सांगती. दोन्ही जनी आठेच ऱ्हातूत. इतला मोठा गावमा तुन्हापुरती जागा नही व्हती का?"

खरं सांगते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लाखो माणसं, लाखो माणसं असं मी घोकत आले होते, आणि त्यात आणखी एक पोरगी मावेल हे मला सुचलं नाही. आक्कानं हात पुढं केला, तोच वाकडा हात. "चाल," म्हणाली. आणि पलीकडून आबा मोडलं मनगट छातीशी धरून उठला आणि त्यानंही म्हटलं, "चाल."

मी आबाच्या मागं गेले.

का गेले ते मी साठ वर्षं स्वतःला विचारतेय. त्याच्या डोळ्यांत रक्त गळत होतं आणि त्याला स्टेशनाचा रस्ता दिसत नव्हता, असं मी पूर्वी सांगायची. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. तो चाल म्हणाला की चालायचं, एवढंच माझ्या पायांना येत होतं.

महिन्याभरात माझं लग्न दाजीशी लागलं. आबा पुन्हा सुरतेचं नाव घेईना, आणि पलीकडच्यांना कुणीतरी एक हवीच होती. त्या घरात मी काय सोसलं ते मी लिहिणार नाही. आक्काचं लिहिलं आहे, तेच दोनदा वाचा. मायनं माझं काही देखलं नाही. दोन वर्षांनी, डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं त्या आठवड्यात, मी भर दुपारी शेतातून सरळ निघाले, तापी ओलांडली, नंदुरबारला सुरतेची गाडी धरली. गल्ली मला पाठ होती. जमनाबेननं मला पाहिल्याबरोबर ओळखलं आणि पिठाच्या हातानं फाडकन थोबाडीत दिली. मग तोच हात धरून आत नेलं, पाणी दिलं, आणि मी विचारायच्या आधीच सांगितलं. आक्का त्या मारामारीच्या संध्याकाळीच गल्ली सोडून गेली होती. कुठं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती की आपल्या माणसांना एकदा सापडले, पुन्हा सापडणार नाही.

मी तिथंच राहिले. चक्कीवर काम केलं, दुसरं लग्न केलं, मुलं वाढवली, माणसं पोचवली. मला शोधायला गावाहून कुणी आलं नाही. जरीचे कारखाने, नळ, देवळं, दवाखाने, शोधायचं तेवढं मी शोधलं. जी तीन दिवसांत सापडली होती ती साठ वर्षांत दिसली नाही. अजूनही बाजारात पुढं चाललेल्या एखाद्या म्हातारीचा उजवा हात कोपरात वाकडा दिसतो आणि माझे पाय जागीच थांबतात. आता ती असलीच तर ऐंशीच्या पुढची, पळून पळून कुठं जाईल, हे मला कळतं. तरी मी हाक मारत नाही. ती वळून मला बघेल आणि पळेल, असं वाटतं.